आजोबांचं दुसरं हत्यार

तुमच्या आजोबांना एक राइफल घ्यायची होती आणि ती घेतली नाही, एवढं तुम्हाला बाबांकडून कळलं असेल. का घेतली नाही, ते मी क्रमाने सांगते. मी फोनवर सांगायला गेले की ते आतल्या खोलीतून विचारतात, "काय सांगून राहिली पोट्ट्यांले?" आणि मी पावसापाण्यावर येते.

घरात आहे ती दुनळी बंदूक तुमच्या खापरपणजोबांनी घेतलेली. शिकारीचे परवाने मिळत तेव्हाची. आजोबांच्या नावावर ती झाली तोवर शिकार कायद्याने बंद झाली होती, आणि सिंचन खात्यातल्या माणसाला बंदुकीचं दुसरं काम तरी काय असणार? वर्षभर ती कपाटात असे. दसऱ्याला पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहायचं, एवढाच तिचा मान. निवृत्त झाल्यावर त्यांनी आरंग गावाच्या बाजूला थोडी शेती घेतली, धानात रानडुकरं यायला लागली, आणि म्हातारपणी बंदुकीला नोकरी लागली. संध्याकाळी बांधावर उभं राहून आकाशात एक बार काढायचा. डुकरं पळायची. आजवर एकही मेलं नाही, पण घरी येताना आजोबांची चाल अगदी शिकाऱ्याची असे.

गेल्या धानाच्या वेळी मीही शेतावर होते. त्यांनी बंदूक उघडली, काडतुसं घातली, मिटली, वर धरली आणि घोडा ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला.

"जाम झाला हिचा घोडा."

बंदूक उघडून मिटली की वरचा खटका आपोआप मागे येतो आणि बार अडतो. तो अंगठ्याने पुढे सारावा लागतो. मी बंदूक कधी चालवली नाही, पण त्यांचा तो अंगठा मी वर्षानुवर्षं पाहिलेला. त्या दिवशी तो हललाच नव्हता.

"खटका पाहिला का?" मी म्हटलं.

"तुले काय कळते त्यातलं?"

उजेड कमी होता, कोणीही विसरेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्यांनी बंदूक गोल बाजारामागच्या बंदुकांच्या दुकानात नेली. दुकानदाराने ती तपासली आणि म्हणाला, "कुछ नहीं हुआ है अंकल, एकदम बढ़िया है." घरी येऊन हे म्हणाले, "त्याले अक्कल नाही. बंदूक म्हातारी झाली. आता हलकी राइफल पाहू."

परवान्यावर दोन हत्यारं ठेवता येतात. त्यांनी अर्ज केला. या वयाला मंजुरी मिळणार नाही, अशी माझी मनातून खात्री होती. खरं सांगायचं तर मी त्या नकाराच्याच भरवशावर होते, म्हणजे मला काही बोलावं लागलं नसतं. मंजुरी आली. नवी राइफल पेन्शनमध्ये बसण्यासारखी नव्हती, म्हणून जुनी बघायला आम्ही त्याच दुकानात निघालो. गाडी मी चालवत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा तेलीबांध्याच्या चौकातल्या ट्रॅफिकला दोष दिला होता. मला तेव्हा ते पटलंही होतं.

दुकानदार तुमच्या बाबांच्या वयाचा. त्याने तीन राइफली काढल्या. प्रत्येकीचा बोल्ट, म्हणजे बाजूचा दांडा, मागे ओढून, आत बोट घालून, ती रिकामी असल्याची खात्री केली आणि मग काउंटरवर ठेवली.

"ह्या कोणाच्या?" मी विचारलं.

"सब स्वर्गवासियों की, आंटी. घर में कोई चलाने वाला नहीं बचा, तो हमारे यहाँ जमा कर जाते हैं."

"म्हणजे मालकाची तक्रार यायची भीती नाही," हे म्हणाले. दुकानदार हसला, मीही हसले.

पहिलीच्या दस्त्याला तडा होता, वर तार गुंडाळून पॉलिश मारलेलं. ह्यांनी नखाने पॉलिश खरवडलं. "काहून रे, तार काय दागिना म्हणून घातली का?" दुसरीची नळी त्यांनी दाराच्या उजेडाकडे धरली, मागून पांढरा कागद लावला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. "आतून गंजली. नळीतले आटे झिजून गेले हिचे." दुकानदाराने स्वतः पाहिलं आणि मान्य केलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माणूस शाबूत आहे, आपणच उगाच घाबरतो, असं वाटलं.

तेवढ्यात दुकानदाराला फोन आला. बोलता बोलता त्याने तिसरीचा बोल्ट लावला आणि ती ह्यांच्या हातात दिली. ही चांगली होती. हलकी, दस्ता जुना पण एकसंध, आणि तिघींत स्वस्त. ह्यांचा चेहरा उजळला.

आपल्या घरात एक नियम आहे. हत्यार कोणीही दिलेलं असो, हातात आलं की नळी जमिनीकडे करायची, उघडायचं आणि आत पाहायचं. देणाऱ्याने तुमच्यासमोर पाहिलेलं असलं तरी पाहायचं. तुमच्या बाबांनी लहानपणी एकदा छर्‍याची बंदूक न उघडता गाईवर रोखली होती. आजोबांनी ती वर्षभर कुलपात ठेवली, आणि बाबांनी कितीही रडारड केली तरी दिली नाही.

त्या दिवशी त्यांनी राइफल उघडली नाही. सरळ खांद्याला लावली. नळी कपाटावरून सरकत माझ्यावर आली, माझ्या छातीवरून पुढे गेली आणि दाराबाहेर थांबली. समोरच्या भांड्यांच्या दुकानात एक बाई पितळी गुंड वाजवून पाहत होती. ह्यांनी घोडा ओढला. टक्.

दुकानदाराने फोन टाकला आणि हाताने नळी वर ढकलली. "अंकल! अंकल, ऐसे नहीं."

"रिकामी आहे ना. तूच पाहिली."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. त्या बाईला काहीच कळलं नव्हतं, ती भाव करत होती.

"ही घेऊ," हे म्हणाले. "बांध हिले."

"नको," मी म्हटलं.

"काहून?"

"आज नको. घरी बोलू."

ते दुकानदाराकडे वळले. "पोरींले इंग्रजी कविता शिकवण्यात जिंदगी गेली हिची. आता मले बंदूक शिकवते."

एरवी मी यावर काहीतरी परत दिलं असतं. दुकानदारासमोर त्यांना कमीपणा येईल, हेही मला दिसत होतं. तरी मी म्हटलं, "तुम्ही उघडून पाहिली नाही."

"पाहिली."

"नाही पाहिली."

"हे घे, पाहतो," म्हणून त्यांनी राइफल आडवी धरली आणि दस्त्याच्या वर अंगठ्याने दाबलं. तिथे आपल्या दुनळीची कळ असते. राइफलला तिथे काहीच नसतं, तिचा बोल्ट बाजूला असतो, आणि तो दुकानदाराने तीन वेळा त्यांच्यासमोर ओढला होता. त्यांनी पुन्हा दाबलं. मग अंगठा काढून घेतला आणि राइफल हळूच काउंटरवर ठेवली, भिंतीकडे नळी करून.

"चाल घरी," म्हणाले.

गाडीत ते बाहेर बघत होते. तेलीबांध्याचा तलाव मागे पडल्यावर म्हणाले, "तुह्यावर आली होती का नळी?"

"हो."

घरी येऊन जेवले, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मला वाटलं, कळलं त्यांना, आता वेगळं बोलायची गरज नाही. सकाळी चहा घेताना म्हणाले, "शनिवारी जाऊन ती तिसरी घेऊन येऊ."

ते विसरले होते की मला आजमावत होते, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही सारखंच वाईट वाटतं. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं, "आणायची नाही. आणि घरातलीही तिथेच जमा करू. तोवर कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील."

"मी मेलो का? स्वर्गवासी झालो का मी?"

"नाही. म्हणूनच तुम्हाला विचारते आहे."

"हे विचारणं होय?"

नव्हतंच ते विचारणं. नंतर कित्येक दिवस त्यांचा रुसवा चालला. जेवायला बसायचे, ताट सरकवून उठायचे. तुमच्या बाबांचा फोन आला की "तुह्या मायले विचार, आता तीच दरोगा आहे" म्हणून मला द्यायचे. मी मात्र किल्ली दिली नाही. रात्री झोप लागत नसे. आयुष्यभर ज्यांनी मला एका शब्दानेही कुठे जाऊ नको म्हटलं नाही, त्यांच्या कपाटाला मी कुलूप लावून बसले होते.

मग एका दुपारी ते माझ्यासमोर आले आणि हात पुढे केला. "दे. साफ करतो." मी किल्ली दिली आणि तिथेच बसून राहिले. त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, नळ्यांतून गज फिरवला, चिंधीने तेल लावलं. तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत पुरवलं. बंदूक खोळीत घालून म्हणाले, "उद्या गाडी काढजो."

दुकानात त्यांनी ती स्वतः दिली. कागदावर सही केली, सही पूर्वीसारखीच वळणदार आली. "हिले महिन्यातून एकदा तेल देत जा," म्हणाले. "ओल लागू देऊ नको."

"हव, अंकल."

"आणि ती तिसरी? विकली का?"

"नहीं अंकल, है अभी."

"ठेव मग," ते म्हणाले. "लगेच कोणाले देऊ नको."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. हो म्हण, अशी मी त्याला मान हलवून खूण केली.