पुढे साडेचार, मागे सव्वापाच

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका निर्णयाला भिणारा माणूस हैदराबाद संस्थानात दुसरा झाला नाही, आणि संस्थानाचे तीन तुकडे झाल्यावर त्या तिन्हींत शोधूनही सापडला नसता. हे मी रागाने लिहीत नाही. जे पाहिले ते लिहावे, एवढेच मला वर्तमानपत्राच्या कचेरीत शिकवले आहे, आणि मी दाजींना चिक्कडपल्लीतल्या त्यांच्या घराच्या उंबऱ्यात चपलांच्या दोन जोडांसमोर पंचवीस मिनिटे उभे राहिलेले पाहिले आहे. दोन्ही जोड त्यांचेच होते आणि दोन्ही काळे होते. इराण्याच्या हॉटेलात चहाबरोबर कुठले बिस्किट हवे म्हणून वेटरने "उस्मानिया या खारी?" असे विचारले की दाजी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला विचारत, "आपने क्या लिया?" त्याने उस्मानिया म्हटले की त्यांना खारीची दया येई. शेवटी वेटर दोन्ही बश्या आदळून निघून जाई आणि दाजी नुसता चहा पिऊन उठत.

असा माणूस सरकारी नोकरीत होता हे सांगायला नकोच. राज्यांची पुनर्रचना होणार हे नक्की झाल्यावर त्यांच्या शाखेकडे फायलींची वाटणी आली. तेलंगणाच्या फायली एका ढिगात, मराठवाड्याच्या दुसऱ्या, कानडी जिल्ह्यांच्या तिसऱ्या. दाजींच्या टेबलामागे चौथा ढीग होता आणि तोच सर्वांत उंच होता. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "या दोघांच्याही आहेत, संपादक. एकाला दिली की दुसरा उघडा पडतो." मी उपसंपादक होतो. दाजी मला संपादकच म्हणत. खरे पद कोणते हे एकदा ठरवावे लागले असते.

अशा माणसाने स्पोर्ट्स कार घेतली. घेतली म्हणणेही बरोबर नाही. मलकपेठेत रेसकोर्सजवळ एका जहागीरदाराची हवेली रिकामी होत होती. जहागीर गेल्यावर झुंबरे गेली, गालिचे गेले, घोडे गेले, आणि शेवटी दोनच माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची एक विलायती गाडी उरली. दाजी नुसते बघायला गेले होते. जहागीरदारांनी अदबीने विचारले, "लेंगे आप?" नाही म्हणणे हादेखील निर्णयच असतो, आणि तो दाजींना झेपला नाही. गाडी चिक्कडपल्लीत आली. इंजिन ठणठणीत होते. चारही टायर मात्र इतके झिजले होते की आतले धागे दिसत होते.

कोणत्याही शहाण्या माणसाने एकसारखे चार टायर आणून विषय संपवला असता. दाजींनी कुठेतरी ऐकले, की पळणाऱ्या गाडीचे पुढचे टायर बारीक आणि मागचे रुंद असावे लागतात. तिथून पुढचे चौदा महिने त्या एका वाक्याने खाल्ले. गाडीची चाके एकोणीस इंची होती. त्यांच्यावर साडेचार इंच रुंदीचे टायर मुळात होते. पाचाचे बसत आणि ओढूनताणून सव्वापाचाचेही. पुढे बारीक घातले तर स्टीयरिंग हलके, रुंद घातले तर वळणावर पकड. मागे रुंद घातले तर इंजिनाचा जोर जमिनीत उतरतो, पण चाकाचा घेर वाढल्याने वेगाचा काटा कमी दाखवतो. या शेवटच्या मुद्द्याने दाजींची झोप उडाली. "चाळीसनं चाललोय आणि काटा म्हणतोय अडतीस, हे बरं दिसतं का?" गाडी तेव्हा चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. काटा शून्य दाखवत होता आणि खरे बोलत होता.

त्यांनी एक वही केली. मधोमध रेघ, एका बाजूला 'पुढे', दुसऱ्या बाजूला 'मागे'. जो भेटेल त्याचे मत वहीत. रेसकोर्सवरचा घोडे फिरवणारा म्हणाला, "पिछले पैराँ दौडते साब, अगले खाली रस्ता दिखाते." हे 'मागे'च्या रकान्यात गेले. पोस्टमन सायकलचा अनुभव सांगून गेला. पुढे-मागे भार किती पडतो ते पाहायला गाडी बैलाच्या मागे बांधून भुसार बाजारातल्या वजनकाट्यावर नेली. शेजारच्या आसनावर अक्काने बसावे असा दाजींचा आग्रह होता. आमची अक्का मुलींच्या मराठी शाळेत बारा वर्षे शिकवत होती आणि तिच्या विद्यार्थिनींचे अर्धे बाप त्या बाजारात दुकाने मांडून बसले होते. ती म्हणाली, "मला तोलायचं असेल तर आधी माझ्या बापाला विचारा." मग तिच्या जागी तुरीचे पोते ठेवले. पोते अक्कापेक्षा जड आहे की हलके, यावर आठवडा गेला.

अफझलगंजचे टायरवाले मियाँ हा या प्रकरणातला एकमेव समंजस माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "क्या साब, आगे छोटा जूता, पीछे बडा जूता! गाडी है कि तमाशा? चारों एक नंबर के लेको आराम से घर जाओ ना." दाजींनी तेही लिहून घेतले. कुठल्या रकान्यात लिहावे हे न कळल्याने रेघेवर लिहिले.

या चौदा महिन्यांत दुसरा एक कागद घरात आला होता. सरकारी नोकरांनी हैदराबादेतच राहायचे की दुसऱ्या राज्यात जायचे, याची पसंती लिहून देण्याचा तो फॉर्म. दाजींचे गाव परभणीकडचे. तिथे त्यांचे वडील, ज्यांना सगळे दादा म्हणत, एकटे राहत होते आणि दर पत्रात एकच ओळ लिहीत होते: 'आता आपले राज्य झाले, इकडे ये.' अक्काची शाळा हैदराबादेत होती आणि ती सोडून जायला ती तयार नव्हती. फॉर्म कोरा राहिला तर मूळ गाव पाहून मराठवाड्यात पाठवणार, हे कचेरीने कळवले होते. शनिवारी पाच वाजेपर्यंत फॉर्म मलकपेठेतल्या एका कचेरीच्या खिडकीत द्यायचा होता. तो वहीत, टायरांच्या पानांमध्ये ठेवलेला होता.

त्या शनिवारी दुपारी अक्का आमच्या कचेरीत आली. बारा वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती.

"यांनी अजून भरला नाही," ती उभ्यानेच म्हणाली.

"तू का नाही सांगत?"

"सांगितलं. म्हणतात, तुझंही बरोबर आहे." तिने पदराने कपाळ पुसले. "अरे, माझ्या सातवीच्या मुली आहेत. परीक्षा तोंडावर आल्यात. मी तिथं गावात चुलीपुढं बसून काय करू? तुझं ऐकतील ते. पेपरातला माणूस आहेस."

मी गेलो. दाजी अंगणात प्रसन्न उभे होते. गाडी ठोकळ्यांवरून उतरली होती. पुढे साडेचार, मागे सव्वापाच.

"ठरलं?" मी विचारले.

"ठरलं. स्टेपनीनं तेवढा वेळ घेतला."

गाडीच्या पाठीवर जास्तीचे चाक अडकवायला जागा एकच होती आणि टायरांचे आकार दोन. दाजींनी स्टेपनी पुढच्या मापाची घेतली होती. "पुढचं गेलं तर गाडी भरकटते. मागचं गेलं तर नुसती खाली बसते." न्यायाने सांगितले पाहिजे, की चौदा महिन्यांत त्यांनी काढलेला हा एकच निष्कर्ष मला खोडता आला नाही.

"फॉर्म घ्या आणि चला," मी म्हटले. ते निघाले. पण सरळ मलकपेठेला नाही. मियाँना टायर दाखवायला आधी अफझलगंजला. मियाँच्या दुकानासमोर, टांग्याच्या घोड्याच्या नालेतून पडलेला एक खिळा डाव्या मागच्या टायरात गेला. गाडी दाजींनी सांगितल्याप्रमाणे भरकटली नाही. नुसती खाली बसली.

मियाँनी बाहेर येऊन टायर पाहिला, स्टेपनी पाहिली, मग दाजींकडे पाहिले. "मैं बोला था साब, आप सुनेच नहीं. पाँचवाँ पैर है, मगर दूसरे की टांग का." पंक्चर काढायला तासभर लागेल म्हणाले. सव्वाचार झाले होते.

"द्या इकडे, मी रिक्षाने नेतो," मी म्हटले. दाजींनी वहीतून फॉर्म काढून दिला. खाली सही होती. पसंतीचा रकाना कोरा होता.

"हे काय?"

"तिथं पोचल्यावर लिहिणार होतो."

"मग सांगा, काय लिहू?"

ते खाली बसलेल्या चाकाजवळ उकिडवे बसले आणि त्याच्यावर हात ठेवला. "मला विचारू नका."

"दाजी, पंचेचाळीस मिनिटं राहिलीत."

"ही काय म्हणते मला माहीत आहे. दादा काय म्हणतात तेही. तुम्ही लिहा, संपादक. मला विचारू नका."

त्यांच्या आवाजात मी पूर्वी कधी ऐकले नव्हते असे काहीतरी होते. मी त्याला नाटक समजलो आणि रिक्षात बसलो. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म परत सरकवला. "ये खाली है, साब." मी पेन काढून 'हैदराबाद' लिहिले. दोन सेकंद लागले. चौदा महिने आणि दोन सेकंद, हे मी पुढे कित्येक मित्रांना हसत सांगितले.

परत आलो तेव्हा पंक्चर निघाले होते. दाजींनी विचारले, "खिडकी उघडी होती ना?"

"होती."

"बरं झालं." काय लिहिले ते त्यांनी विचारले नाही. घरी अक्काला मीच म्हटले, "भरला. हैदराबाद." तिने त्यांच्याकडे असे पाहिले की मला तिथे उभे राहणे अवघड झाले. "एकदा तरी यांनी आपलं आपण ठरवलं," असे ती नंतर आल्यागेल्याला सांगायची. चुकीच्या बातमीची दुरुस्ती छापणे हा आमच्या कचेरीचा नियम होता. ती दुरुस्ती मी आजवर केलेली नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा मी त्यांना गाठून विचारले, "त्या दिवशी तुम्ही स्वतः काय लिहिलं असतं?"

ते म्हणाले, "काहीही लिहिलं असतं तरी एका घरी तोंड दाखवायची सोय राहिली नसती. दादांना सांगितलं, सरकारनं ठेवून घेतलं. ते सरकारवर रागावले. माझ्यावर नाही." आणि म्हणाले, "तुमच्यावरही नाही."

त्या पंक्चरनंतर दाजींनी गाडीला दोन स्टेपन्या केल्या. मागच्या मापाची पाठीवर, पुढच्या मापाची अक्काच्या मांडीवर, कारण तिसरी जागाच नव्हती. काट्यावर बसायला नकार देणारी अक्का दर दिवाळीत परभणीपर्यंत तो टायर मांडीवर घेऊन गेली. त्यावर तिने मुलींच्या वह्या तपासल्या. मागची चाके मोठी असल्याने वेगाचा काटा कमी दाखवी, आणि दाजी त्यावरून वेळ काढत. म्हणून दर खेपेला ते त्यांच्या अंदाजाआधी गावाच्या शिवेवर असत, आणि ओट्यावर दादा त्यांच्याही आधी.

एकदाच त्यांना उशीर झाला. तार सकाळी आली, दाजी त्याच पावली निघाले. कुठल्या चपला घालायच्या हे त्या दिवशी त्यांनी कुणाला विचारले नाही. ते पोचले तेव्हा लोक दादांना पोचवून ओढ्यावरून परतत होते. त्या उशिरात टायरांचा काही दोष नव्हता. तो माझ्या दोन सेकंदांचा होता.