बायडाबाईंच्या दारातून दिसणारी टेकडी

आमच्या शेजारच्या श्यामसुंदर दामल्यांनी, म्हणजे आमच्या श्यामभाऊंनी, आठवडाभर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली आणि रविवारी डोंगर सांभाळले. फोटो काढायचे ते डोंगर, पाणी आणि आकाश यांचेच. चौकटीत माणूस आला की तो जाईपर्यंत थांबायचे. एकदा सिंहगडावर एक दहीवाली नेमकी त्यांच्या चौकटीत टोपली मांडून बसली. तिचं दही संपेपर्यंत हे आपल्या तिपाईशेजारी उभे. शेवटची दोन मडकी त्यांनी स्वतःच संपवली.

"माझा एकच फोटो आहे यांच्याकडे," वासंतीवहिनी सांगायच्या. "तोही पाठमोरा. समोरचा कडा किती उंच आहे ते कळावं म्हणून मला उभं केलं होतं."

बाकी माणूस लोण्यासारखा. फक्त त्यांच्या फोटोला बोट लावलेलं चालायचं नाही. कडेला धरून बघायचा आणि परत द्यायचा.

त्यांच्याच कचेरीतले शिपाई सर्जेराव हे त्यांचे तीस वर्षांचे डब्याचे सोबती. दोघे पाठोपाठ निवृत्त झाले. सर्जेराव हडपसरच्या पलीकडे राहायचे, सोबत आई बायडाबाई. त्यांचं मूळ गाव अठ्ठावन्न साली धरणात गेलं. गावासमोरची म्हसोबाची टेकडी तेवढी पाण्यात बेट होऊन उरली. बायडाबाई तिकडे पुन्हा फिरकल्या नव्हत्या. आता ऐंशी ओलांडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि या वयात ऑपरेशनला डॉक्टर धजत नव्हते. त्यांनी लेकाकडे एकच धोशा लावला होता, "दिसतंय तंवर टेकडी एकदा दाव."

सर्जेरावांनी श्यामभाऊंना टेकडीच्या फोटोसाठी गळ घातली. श्यामभाऊ हरखूनच गेले. आजवर ते आपणहून लोकांना फोटो दाखवत आले होते. आपण होऊन मागणारं त्यांना पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं.

डिसेंबरात ते आणि सर्जेराव जाऊन आले. धरणाच्या भिंतीवरून मावळतीला काढलेला फोटो मीही पाहिला. पाण्यावर धुकं, त्यात काळीभोर टेकडी. भिंतीवर टांगावा असा. श्यामभाऊ तो घेऊन हडपसरला गेले. बायडाबाईंनी तो डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"लई झ्याक हाय. कुठलं म्हनायचं हे?"

"आये, आपली टेकडी," सर्जेराव म्हणाले.

"गप. आपल्या टेकडीला मी वळखत न्हाय व्हय?"

श्यामभाऊंनी दोन दिवस घरी तोच फोटो पुन्हापुन्हा पाहिला. तिसऱ्या दिवशी वही घेऊन एकटेच बायडाबाईंकडे गेले आणि विचारलं, "आजी, टेकडी कशी दिसायची ते सांगा."

"सकाळी दारात भाकरी खात बसलं का ती म्होरं," बायडाबाई म्हणाल्या. "डोईवर झाड. मागं डोंगराची दोन शिंगं. त्यातलं डावं शिंग टेकडीआड लपायचं, उजवं तेवढं डोकवायचं."

घरी आल्यावर श्यामभाऊ आम्हाला म्हणाले, "मी तिला मागच्या बाजूनं पाहिलं हो! शिंगं दिसणार कुठून? आता बाईंनी जागा सांगितली, वेळ सांगितली. फोटोग्राफरला आणखी काय लागतं?"

"होडी," वासंतीवहिनी म्हणाल्या. "त्यांचं दार पाण्याखाली आहे."

गाव कायमचं पाण्याखाली असलं तरी मे महिन्यात पाणी बरंच उतरतं आणि टेकडी अर्धीअधिक उघडी पडते, म्हणून मे महिना ठरला. एरवी श्यामभाऊ उन्हाळ्यात कॅमेरा बाहेर काढत नसत. हवा धुरकट, उजेड नुसता पांढरा. त्र्याऐंशी सालची गोष्ट. पहाटेच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. श्यामभाऊ, वहिनी, सर्जेराव आणि वहिनींच्याच आग्रहावरून दशम्यांचा डबा घेऊन मी. मच्छिंद्र नावाच्या कोळ्याची होडी सांगून ठेवली होती.

"डावीकडं घे," पुढे बसलेले सर्जेराव सांगत होते. "अजून. जरा मागं... आता हळू." समोर टेकडी, तिच्या मागे दोन सुळके. होडी सरकत गेली तसा डावा सुळका टेकडीआड बुडत गेला. "थांब, थांब!"

मच्छिंद्रनं बांबू खाली सोडून पाहिला. "तळ लागत न्हाय हितं."

सर्जेराव टेकडीकडे बघतच नव्हते. ते होडीच्या कडेला वाकून पाण्यात बघत होते. हिरवं पाणी, दुसरं काही नाही.

श्यामभाऊंनी तिपाई उभी केली आणि होडी डुलली तशी टेकडीही चौकटीत वरखाली व्हायला लागली. दोनदा, तीनदा प्रयत्न झाला.

"अहो, ठेवा ती तिपाई बाजूला. हातात घ्या कॅमेरा," मी सुचवलं.

"हात हलतो माझा," ते अगदी हळू म्हणाले. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. वहिनींना होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

त्या सरकत सरकत त्यांच्या पुढ्यात येऊन बसल्या. "खांद्यावर टेका."

श्यामभाऊंनी दोन्ही कोपर त्यांच्या खांद्यांवर रोवले.

"श्वास रोखू?"

"रोख."

"सारखा रोखता येणार नाही. मी मेले तर तुमचा फोटो हलेल."

छत्तीसच्या छत्तीस फोटो त्या एकाच टेकडीचे काढले. मग बेटावर उतरून आम्ही दशम्या खाल्ल्या. म्हसोबाच्या शेंदरी दगडाजवळ झाडाचं वाळकं खोड तेवढं होतं. सर्जेरावांनी नारळ फोडला आणि खोडाकडे बघत म्हणाले, "आयेला काय सांगू?"

फोटो धुऊन आले. पस्तीस हललेले, एक स्थिर. फिक्कट आकाश, सपाट उजेड; श्यामभाऊंनी एरवी फेकून दिला असता असा. तो मोठा करून घेऊन आम्ही चौघे हडपसरला गेलो. श्यामभाऊ रिक्षात तीनदा म्हणाले, "ओळखणार नाहीत त्या."

बायडाबाई गोधडीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. फोटो हातात घेतला. मग त्यांनी फोटोचा खालचा भाग, जिथे नुसतं पाणी होतं तो, मागे दुमडला आणि नखानं घडी दाबली. श्यामभाऊंचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला.

"हां," बायडाबाई म्हणाल्या. "झाड कुठाय?"

"वाळलं, आये."

"वाळंल न्हाय तर काय. पानी घालाया कोन हाय तिथं?" त्यांनी उजव्या शिंगावर अंगठा फिरवला. "हे बघ, डोकावतंय."

मग फोटो गोधडीवर ठेवला आणि त्याच्या खाली, मोकळ्या गोधडीवर, बोटानं दाखवायला लागल्या. हा आपला उंबरा. ही मथुराबाईची पडवी. इथून पाणंद, ती थेट टेकडीखाली. श्यामभाऊ तिथेच बाजूला मांडी घालून चहा पीत ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी कप गोधडीच्या कडेला टेकवला.

"कप उचला भाऊसायेब," बायडाबाई म्हणाल्या. "तिथं पान्याची हीर हाय."

श्यामभाऊंनी चटकन कप उचलला आणि "इथं ठेवला तर चालेल का?" असं विचारून त्या सांगतील ती जागा शोधायला लागले.