मोहिते सुभेदारांना मी उठू दिलं नाही

एकाहत्तरची लढाई संपून तीन वर्षं झाली होती. आमची कंपनी साताऱ्याजवळ ट्रेनिंग कॅम्पला होती. मी नाईक दस्तगीर मुल्ला, राहणार इस्लामपूर, कंपनीचा नर्सिंग असिस्टंट. पहाटे पाचला पी.टी., सातला नाश्ता, मग माझ्यापुढं पायांच्या फोडांची रांग.

एप्रिलच्या अखेरीस रूट मार्च निघाला. साडेदहाला डांबर बुटांना चिकटायला लागलं. दहा पन्नासला सुभेदार गणपत मोहिते रस्त्याच्या कडेला मटकन बसले. वय सेहेचाळीस, गाव मेढ्याकडचं. चेहरा राखेसारखा, अंगाला गार घाम. डावा हात चोळत होते.

"काय होतंय, साहेब?"

"पित्त झालंय. चल."

"छातीत दाबल्यागत वाटतंय?"

"माझ्यापायी कंपनी थांबायची न्हाई, मुल्ला."

ते उठायला लागले. मी खांदे धरून त्यांना खाली बसवलं. नाईकानं सुभेदाराला! सगळी प्लाटून बघत होती.

"साहेब, एक पाऊलबी टाकायचं न्हाई."

चौघांनी त्यांना उचलून बाभळीखाली नेलं. पट्टा, बूट सोडले. पाठीशी जवानांचे पिट्टू, म्हणजे पाठीवरची ओझी, लावले, अंगावर ओले टॉवेल टाकले. वायरलेसवर गाडी मागितली. उत्तर आलं, "गाडी बीस मिनट में. हिलने मत देना. ओव्हर."

मी नाडी धरून होतो.

"पोरीचं लगीन हाय रं म्हैन्यानं," ते हळूच म्हणाले.

"मी येनार हाय जेवायला."

गाडी अकरा सोळाला आली. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "उन्हानं अंगातलं पाणी गेलं, रक्त दाट झालं, हृदयावर ताण आला. चालवला असता तर गेला असता."

दहा दिवसांनी भेटायला गेलो. साहेब उशीला टेकून पेज पीत होते.

"माझं मला कळलं न्हाई. तुला कसं कळलं रं?"

तेव्हा मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. दोन हिवाळ्यांपूर्वी, बर्फातल्या पोस्टवर, पाटणचे हवालदार मारुती शेलार बंकरपुढचा बर्फ उपसत होते. छाती आवळल्यासारखी वाटते म्हणाले. मी पित्ताची गोळी दिली. ते परत फावडं मारायला गेले आणि तिथंच पडले. कडाक्याच्या थंडीत रक्तवाहिन्या आखडतात, त्यात कष्टाचं काम जिवावर बेततं, हे मला नंतर समजलं.

साहेबांनी पेजेची वाटी खाली ठेवली. म्हणाले, "हे आता समद्यास्नी सांग."

लग्नात साहेब खुर्चीवर बसून अक्षता टाकत होते. मी पोटभर जेवलो.

पेन्शनीत येईपर्यंत प्रत्येक नव्या तुकडीचा मी क्लास घेतला. ऊन, थंडी आणि छाती. पुढं तिघांना वेळेवर खाली बसवता आलं. तिघंही पायानं चालत घरी गेले.

क्लासची सुरुवात मी एकाच वाक्यानं करायचो. "हवालदार मारुती शेलार, तालुका पाटण. सकाळी साडेआठला त्यांनी मला सांगितलं होतं."