वय विचारायला गेलेली मुलगी

समोरच्या शिंप्याच्या मुलीला मी ‘चौकशी’ म्हणायचे. पत्रकारिता शिकायला लागल्यापासून तिने अख्ख्या इमारतीला वात आणला होता. पाणी का गेलं, लिफ्ट कुणी बिघडवली, हिला सगळं हवं.

“अगं, या जिन्यातल्या बातम्यांचा मक्ता माझ्याकडे आहे. पोटावर पाय देऊ नकोस,” मी म्हणायचे.

“मावशी, तुमच्या बातमीला दुजोरा कुठे असतो!”

दुजोरा हा शब्द तिच्या सरांचा. माणसाचं वयसुद्धा घरच्यांना विचारल्याशिवाय छापायचं नाही, हा नियमही त्यांचाच. तिला वर्तमानपत्रात उमेदवारी करायची होती आणि तिथे स्वतःच्या नावाने छापलेली एक तरी खरीखुरी बातमी दाखवावी लागणार होती. हिच्या गाठीला नुसते बक्षीस समारंभ.

अशात कॉलेजची भिंत रंगवताना परांची मोडली आणि आमच्या तळमजल्यावरचा रंगारी खाली कोसळला. चौकशी इस्पितळापर्यंत मागोमाग गेली. तो गेल्याचं तिला डॉक्टरांनीच सांगितलं. कॉलेजचा अंक संध्याकाळी छपाईला जायचा होता, राहिलं होतं फक्त वय. ती पळत आली आणि तिने रंगाऱ्याचं दार वाजवलं. मी जिन्यात होतेच. मी कुठे नसते?

रंगाऱ्याची बायको नवऱ्याच्या सदऱ्याची घडी घालत दारात आली.

“काकू, काकांचं वय किती? बातमीत चुकायला नको.”

“अगोबाई, ह्यांची बातमी? काय पराक्रम केला?” काकू हसल्याच. “एक्केचाळीस लिही. सांगत सुटतात पस्तीस!”

चौकशीने लिहून घेतलं आणि मान वर केली. ठेकेदाराने घरी कळवलं असेल, हे ती धरून चालली होती. तेवढं एकच तिने तपासलं नव्हतं.

“अशी काय बघतेस गं?”

मग तिला सांगावं लागलं.

बातमी छापून आली. वर्तमानपत्राच्या मुलाखतीत संपादकांनी विचारलं, “वय कुणाकडून घेतलंस?” तिने घडलं तसं सांगितलं, आता आपल्याला हाकलणार असं धरूनच.

“अशीच माणसं लागतात आम्हाला. सोमवारपासून ये.”

शिंप्याला आभाळ ठेंगणं झालं. सोमवारी ती निघाली तेव्हा तिला चिडवायला मी कठड्याशी टपून उभी होते. तळमजल्यावर पोचताच तिने चपला काढून हातात घेतल्या आणि त्या दारावरून अनवाणी जाऊ लागली.

“कोण आहे?” आतून काकूंनी विचारलं.

चौकशी जागीच थिजली.

“मी आहे हो, मी!” मी वरून ओरडले.