रेघ दिसली की पाय सुटतो

"पार्किन्सन्स डिसीज," नागपूरच्या इस्पितळातला गोरा साहेब म्हणाला, आणि सोबतच्या सहायकांनी अशा माना डोलावल्या की आजार त्यांच्या पसंतीचा असावा. कंपाउंडरने मराठीत सांगितले : कंपवात. हात थरथरतो, अंग आखडते, आवाज बसतो. बरा होत नाही.

मग माझे चालणे मोजले. व्हरांड्यात खडूच्या आडव्या रेघा मारल्या, ठसे उमटावेत म्हणून माझ्या तळपायांना गेरू फासला. मी रेघा ओलांडत ऐटीत गेलो. "गेट, म्हणजे चालण्याची ढब, उत्तम," असा निकाल लागला.

गावी, दवनीवाड्याला परतलो आणि घराच्या दारातच पाय जमिनीला चिकटले.

"बाबा, डाक्टरपुढं तं झकास चालले," मुलगा म्हणाला. "मंग घरी काऊन नाटक करून राह्यले?"

जन्मभर मास्तरकी केली. सोंगाडी पोरे मी लांबून ओळखायचो. आता मीच त्यांच्यात.

ज्यांच्या वाट्याला हे येईल त्यांना सांगतो : डोके ठणठणीत असते, फक्त पाय ऐकत नाहीत. आपल्याच घरात कैद, आणि घरच्यांना कुलूप दिसत नाही.

एका सकाळी बायकोच्या रांगोळीपाशी पाय आपोआप उचलला गेला. समोर रेघ दिसली की पाय सुटतो, कोऱ्या जमिनीवर अडतो. म्हणजे व्हरांड्यात साहेबाने खडूची करामत मोजली होती. तेव्हापासून बायको रोज दारापासून अंगणभर आडव्या रेघा ओढू लागली.

मग थोरले भाऊ वारले. सुतकात रांगोळी बंद.

तिरडी उचलली आणि मी उंबरठ्यात अडकलो. ज्यांनी मला शाळेत घातले, त्यांच्यामागे जायचे होते. ओरडावे तर आवाज फुटेना.

"भावावर केवढा जीव! पाय उचलत नाही बिचाऱ्याचा," कोणी म्हणाले. पाटलांनी तर बंधुप्रेमावर दोन शब्द सुरू केले.

बायकोने माझ्या पायांकडे पाहिले आणि रांगोळीचा डबा आणला.

"काय वो, सुतकात रांगोळी? कायले?" शेजारची म्हातारी किंचाळली.

"यांले बाहेर जायाचं हाये. तुमी रडा."

रेघा अंगणाच्या टोकाला संपल्या. पाय पुन्हा थिजले. तिरडी वळणाआड गेली.

तिरडीबरोबर गेलेला मुलगा मागे फिरला. रांगोळीची शेवटची रेघ आणि माझे पाय त्याने पाहिले. मग त्याने आपले पाऊल माझ्या पावलापुढे आडवे ठेवले. मी ते ओलांडले. त्याने दुसरे ठेवले.

मसणवट्यात आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो.