भुताची खुर्ची
परवा शाळेच्या गॅदरिंगमध्ये खोटी दाढी चिकटवायच्या गोंदाचा वास आला आणि नाट्यस्पर्धेतला एक जुना प्रयोग आठवला. गादीच्या हव्यासापायी राजा मित्राचा खून करतो आणि त्याचं भूत मेजवानीत येऊन बसतं, असं ते नाटक. भुताचं काम माझ्या थोरल्या भावाचं. प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी तो अपघातात गेला. नाटकात राजा झालेला त्याचा मित्र तालमीमुळे मुकुंदवाडीच्या स्मशानात फिरकला नाही. प्रयोगात मात्र भुताची खुर्ची रिकामी ठेवून तिच्याकडे बघत ढसाढसा रडला. अभिनयाचं पहिलं बक्षीस घेऊन आमच्या घरी आला, तेव्हा आई म्हणाली, "मातीला यायला येळ नव्हता व्हय रे तुला? माझ्या लेकराला मेल्यावरबी कामाला लावलंस!" मला त्या मित्राचा संताप अजून येतो. पण त्या प्रयोगात सगळ्यांत आधी टाळी मीच वाजवली होती.