चाळीसातला एक नकार

"चाळीसपैकी एकोणचाळीस," मेट्रनबाईंनी माझ्या कागदावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि कागद डॉक्टरीणबाईंपुढे सरकवला. "ही पहिल्याच नाइट ड्यूटीला पळून जाईल. हिला घ्यायचं नाही."

आकडा मीच काढलेला होता.

गोष्ट अमरावतीची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि लहानमोठ्या प्रत्येक कामाचा हुकूम नागपूरहून यायचा. मी मुलींच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवत होते, म्हणजे शाळांसाठी मास्तरणी तयार करत होते. नागपूरला शिकताना मी मानसिक चाचण्यांचा विषय घेतला होता. गावात तो विषय घेतलेली दुसरी बाई नव्हती. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशी मी त्या विषयातली तज्ज्ञ ठरले होते.

बायकांच्या एका दवाखान्यात नर्स आणि सुईणीचं ट्रेनिंग चाले. जागा थोड्या असत. दर वर्षी त्यातल्या दोन-तीन मुली पहिल्या सणाला घरी जायच्या आणि परतच यायच्या नाहीत. मग त्या जागा वर्षभर रिकाम्या राहायच्या. दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टर इंदिराबाई कामाला वाघ, पण तापट. त्यांनी मला बोलावून विचारलं, की कोण टिकेल आणि कोण पळेल हे आधी सांगणारी एखादी टेस्ट आहे का. मी म्हटलं, पळण्याची नाही, भित्रेपणाची आहे. "एकच ते," त्या म्हणाल्या. एकच नव्हतं, पण त्यांच्याशी वाद घालायची माझी तेव्हा हिंमत नव्हती.

भित्रेपणा, तापटपणा, मनमिळाऊपणा यांना आम्ही स्वभावगुण म्हणतो. ते मोजायला थर्मामीटर नसतो. विंचू पाहून किंचाळली म्हणून कुणी भित्री ठरत नाही, विंचवाला सगळेच भितात. पण अंधारात, गर्दीत, परक्या माणसापुढे, मोठा आवाज झाल्यावर, अशा पुष्कळ वेगवेगळ्या प्रसंगांत जिचा जीव घाबरतो, तिच्यात तो गुण जास्त आहे असं आम्ही धरतो. म्हणून एक मोठा प्रश्न न विचारता खूप लहान प्रश्न विचारायचे. माझी यादी चाळीस प्रश्नांची होती, एका परदेशी यादीवरून मराठीत उतरवलेली. 'हो'ला एक गुण, 'नाही'ला शून्य. बेरीज झाली की तो स्कोअर.

नुसता स्कोअर मात्र मुका असतो. दहा म्हणजे जास्त की कमी, हे इतरांचे आकडे समोर असल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी आमच्या ट्रेनिंग स्कूलच्या मुलींना तेच प्रश्न आधी विचारून ठेवले होते. त्या बहुतेक दहा-पंधराच्या आसपास निघाल्या. एकोणचाळीस कुणीच नव्हती.

एकोणचाळीसवाली मुलगी अकोटकडची, माळ्याची. नाव यमुना, वय वीसएक, मराठी चौथी पास, विधवा. तिला तिचा थोरला भाऊ बळीराम घेऊन आला होता. तो वांगी-मिरच्या पिकवून अकोटच्या बाजारात विकायचा. सकाळी मी आत शिरताना त्याने मला व्हरांड्यात गाठलं.

"मास्तरीनबाई, इले इथं ठिवून घ्या," तो म्हणाला. "आमच्या काकानं इच्या पाटाचा शबूद देऊन टाकला हाये. त्या मानसाच्या लेकी इच्यापेक्षा मोठ्या हायेत. इथं लागली त काकाच्यानं काई बोलवनार नाई. नाई लागली त या पंधरवड्यात उरकून टाकतीन."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. त्यांच्या समाजात ते रीतसर होतं आणि मला त्यात वाईट काही दिसत नव्हतं. उलट आमच्या पांढरपेशांपेक्षा ते लोक त्या बाबतीत शहाणे. पण यमुनेला कुणी विचारलं नव्हतं. मी बळीरामला सांगितलं, की इथे निवड शिफारशीवर होत नाही. त्याने मान हलवली आणि बहिणीकडे पाहिलं. ती पदराचं टोक नीट करत होती.

त्या दिवशी प्रत्येकीची आधी मुलाखत होत होती. डॉक्टरीणबाई प्रत्येकीला ठरलेले प्रश्न विचारत. रात्रपाळी करशील? घाण काढशील? कोणत्याही जातीच्या बाईला हात लावशील? या प्रश्नांना 'हो' म्हणणारीच पुढे जाणार, हे उघड होतं. बाईंना दुपारी ऑपरेशन होतं. म्हणून वेळ वाचवायला मुलाखत संपली की त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी, त्याच खुर्चीवर बसलेल्या मुलीला मी माझे प्रश्न वाचून दाखवत होते.

यमुना ताठ बसली होती. हात स्थिर, आवाज स्थिर. मी वाचलं, "रात्री अंधारात एकटं जायला भीती वाटते का?" ती म्हणाली, "हो." अंथरुणावर पडल्यावर झोप यायला वेळ लागतो का? हो. उगाच रडू येतं का? हो. पुढे पुढे तर माझा प्रश्न संपायच्या आत तिचं 'हो' येऊ लागलं. फक्त एका ठिकाणी ती थांबली. "परगावी राहिलं की घरी परत जावंसं वाटतं का?" हा तो प्रश्न. तिने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे, मग खाली. "नाई," ती म्हणाली. नंतर पुन्हा सगळे हो.

मेट्रनबाईंनी आकडा वाचून निकाल दिला, तेव्हा मी एवढंच म्हटलं, की मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या.

"स्कोअर तुमचाच ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग संशय कुणावर आहे?"

"माझ्या प्रश्नांवर."

कापसाच्या बाजारात सगळ्या गाड्या एकाच वजनाच्या भरायला लागल्या, तर शेतकऱ्याला नव्हे, काट्याला तपासायचं असतं. माणूस कितीही भित्रा असो, तो चाळीस ठिकाणी भीत नाही. कुठेतरी तो धीट असतोच. आणि इतकी भित्री मुलगी इतक्या शांतपणे बोलत नाही. आमच्या धंद्यात एक जुनं दुखणं आहे. काही माणसं प्रश्न काय आहे ते न पाहता होकार देतात. मोठ्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं म्हणून देतात, नाहीतर लवकर सुटका व्हावी म्हणून. माझ्या यादीत भित्रेपणाचं उत्तर प्रत्येक ठिकाणी 'हो' हेच होतं. म्हणजे नुसती आज्ञाधारक मुलगीही तिथे भित्री ठरणार.

याला उपाय सोपा आहे. काही प्रश्न उलटे करायचे. मी खिडकीपाशी बसून दहा प्रश्न उलटे केले. ऑपरेशन आटोपून डॉक्टरीणबाई परत आल्यावर त्यांच्यासमोरच यमुनेला पुन्हा बसवलं.

"रात्री एकटीनं विहिरीवर जायचं धाडस आहे का तुला?"

"हो."

"पडल्यापडल्या झोप लागते?"

"हो."

दहाही प्रश्नांना ती हो म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी भुवई उंचावली. मी यमुनेला म्हटलं, "सकाळी म्हणालीस अंधाराची भीती वाटते. आता म्हणतेस धाडस आहे. यातलं खरं कोणतं?"

अगदी मनापासून तिने विचारलं, "तुमाले कोनतं पायजे?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं. मी तिला सांगितलं, की मला काहीच नको आहे, फक्त तू हो का म्हणत होतीस ते सांग. तेव्हा ती बोलली. "दादानं सांगतलं व्हतं. मांगच्या साली आमच्या गावची एक पोरगी इथं आलती. घान काढशीन काय म्हनून तिले इचारलं, त थे नाई म्हने. तिले वापस धाडलं. म्हून दादा म्हने, काईबी इचारोत, तू हो म्हनजो."

"अगं, पण उगाच रडू येतं का विचारलं, त्यालाही हो?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मले वाटलं, इथं रडा लागत असन."

यमुनेच्या दृष्टीने त्या टेबलावरचा एकही प्रश्न हा प्रश्न नव्हता, प्रत्येक अटच होती. सकाळी रात्रपाळीची अट होती, घाणीची होती. त्यानंतर लगेच रडण्याची आणि घाबरण्याची आली. तिने त्याही मान्य केल्या. मला तिचा थोडा रागही आला होता, आता वाईट वाटलं.

एक गोष्ट राहिली होती. "मग घरी परत जावंसं वाटतं का, याला नाही का म्हणालीस? ते तर दादानं सांगितलं नव्हतं."

"थे हो म्हनलं असतं अन् तुमी खरंच धाडून देलं असतं, त मंग?"

मी कागद बाजूला ठेवला. तिला नीट समजावलं, की यात बरोबर-चूक काही नसतं, कुणाला 'हो'बद्दल घेत नाहीत आणि 'नाही'बद्दल काढत नाहीत. मग सगळे प्रश्न पुन्हा विचारले. यावेळी ती विचार करून बोलली. अंधाराची भीती नाही, मळ्यात राखणीला जायची सवय. साहेबलोकांची भीती फार. रक्त पाहवत नाही. स्कोअर सतरा झाला.

"म्हणजे सरासरीपेक्षा थोडी भित्रीच की," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचं म्हणणं सोडवत नव्हतं.

"हो, थोडी भित्री आहे," मी म्हटलं. "पण घ्या."

मी माझं म्हणणं डॉक्टरीणबाईंपुढे मांडलं. तुम्हाला भित्री कोण हे नको होतं, पळणारी कोण हे हवं होतं. 'इथे टिकशील का' म्हणून विचारलं तर प्रत्येक मुलगी हो म्हणते, कारण तसं म्हणायला काही मोल पडत नाही. या मुलीची समजूत अशी, की एक 'नाही' गेलं तर जागा गेली. जागा गेली तर पंधरवड्यात पाट लागणार, हेही तिला माहीत. तरी त्या एका ठिकाणी तिच्याने 'हो' म्हणवलं नाही. इतकं महाग उत्तर आज दिवसभरात दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

"एका उत्तरावर मुलगी घ्यायची?" मेट्रनबाई म्हणाल्या. "हे तुमच्या शास्त्रात बसतं?"

"नाही बसत," मी म्हटलं. एका प्रश्नावर भरवसा ठेवायचा नाही म्हणूनच तर आम्ही चाळीस विचारतो.

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "तीन महिने कच्ची ठेवू. रक्त पाहून पडली तर तुम्ही उचलायला या." आणि यादीत नाव घातलं. बाहेर बळीराम उभाच होता. त्याला सांगितलं, तर तो खाली बसला आणि पागोट्याच्या टोकाने तोंड पुसत राहिला.

यमुना रक्त पाहून पडली. दुसऱ्याच आठवड्यात पडली, आणि मेट्रनबाईंनी ते मला मुद्दाम निरोप पाठवून कळवलं. पण पडून उठली ती वॉर्डातच राहिली. दिवाळीला बाकीच्या मुली घरी गेल्या, तिने त्यांच्याही ड्यूट्या केल्या. बळीराम वांग्यांची टोपली घेऊन भेटायला यायचा, तो फाटकापाशीच बसून परत जायचा. काकांनी शब्द दिलेल्या गृहस्थांनी दुसरीकडे पाट लावला. यमुना परीक्षा पास होऊन पुढे अकोल्याला सुईण म्हणून लागली, आणि तिथल्या डॉक्टरांना ती उलट उत्तरं देते अशी तक्रार माझ्या कानावर आली. मला बरं वाटलं.

यमुनेच्या निवडीच्या पुढच्याच वर्षी मी यादी सुधारली. अर्धे प्रश्न उलटे केले आणि मुलाखतीआधी, वेगळ्या खोलीत विचारायचे ठरवले. घराचा प्रश्न मात्र मधोमध तसाच ठेवला. त्याचा मला अभिमान वाटू लागला होता, आणि तिथेच माशी शिंकली. अकोटकडच्या चार मुली आल्या. बाकीच्या प्रश्नांना त्यांनी कुठे हो, कुठे नाही, अशी विचार करून उत्तरं दिली. घराचा प्रश्न आला, की माझं वाक्य संपायच्या आत चौघींचंही "नाई". त्यातल्या एकीच्या डोळ्यांत 'नाई' म्हणताना पाणी होतं.

यमुना तेव्हा अमरावतीलाच शिकत होती. मी तिला बोलावून विचारलं, हे तू सांगितलंस का.

"मी नाई जी," ती म्हणाली. "दादानं. बाजारात ज्याची पोरगी इकडे येनार असन, त्याले सांगून राहिला. म्हने, बाकीचं खरं सांग, पन घराचं इचारलं त नाईच म्हनजो."

डोळ्यांत पाणी असलेली मुलगी पहिल्याच सणाला घरी गेली आणि परत आली नाही. मी तो प्रश्न यादीतून काढून टाकला. तो एकदाच खरा निघाला होता आणि तेवढ्यानेच यमुनेचं काम झालं होतं.